कालव्याकाठची नांगी

बारामतीत आता बागा किती आहेत, हे मला नक्की सांगता येणार नाही. मोजायला बसलं की घोटाळा होतो. कालव्याच्या काठाने फरशी घातली आहे, दिवे लावले आहेत, मधूनमधून बाकं आहेत. ती एक बाग धरायची की चार? नव्या वसाहतींत मोकळी सोडलेली जागा असते. तिथे एक घसरगुंडी आणि व्यायामाची दोन-तीन लोखंडी यंत्रं बसवली की फाटकावर ‘उद्यान’ असा फलक लागतो. अक्का असल्या जागांना बाग म्हणत नसे. जिथे निदान एक झाड कुणालाही न विचारता, आपोआप उगवून मोठं झालेलं आहे ती बाग, अशी तिची व्याख्या होती. त्या व्याख्येने बऱ्याच जागा बाद होत. मग आमचा वाद होई, कारण मला बाक असलेली कुठलीही जागा चालायची.

अक्का माझी थोरली बहीण. ती हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची, मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. आम्ही दोघींनी लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगवेगळी होती आणि ती आम्ही एकमेकींनाही कधी नीट सांगितली नाहीत. वडील गेले, मग आई गेली, आणि त्याच घरात आम्ही दोघी राहिलो. रविवारी संध्याकाळी कुठल्या तरी बागेत जायचं हा आमचा नेम होता. ती झाडं बघत फिरायची, मी पुस्तक घेऊन बसायची. परत येताना तिने काय पाहिलं ते ती सांगायची, मी काय वाचलं ते मी सांगायची, आणि दोघीही एकमेकींचं अर्धंच ऐकायचो.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. तिच्या झाडाविषयी मला लिहायचं आहे. पण आधी बागांविषयी थोडं सांगते. त्या आमच्या डोळ्यांदेखत झाल्या आणि त्यांची आठवण ठेवणारी आमच्या घरात आता मी एकटीच आहे.

आम्ही मूळच्या शेळगावच्या. वडिलांना पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून नोकरी लागली, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या रानाला कधी सोडायचं ते बघायचं काम. त्या नोकरीने आम्हाला बारामतीत आणलं. खात्याचा एक बंगला होता, दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांसाठी. त्याच्याभोवती गुलाबाचे वाफे होते, दगडी कठड्यांवर कुंड्या होत्या आणि एक माळी दिवसभर पाणी घालत असायचा. साहेब महिन्यातून एखादा दिवस यायचे. बाकीचे दिवस ती बाग रिकामीच असायची आणि आम्ही दोघी तारेच्या कुंपणाबाहेरून ती बघायचो. बाग म्हणजे बाहेरून बघायची गोष्ट, अशीच माझी समजूत होती.

मग गावात लोकांसाठी बाग झाली. वडील आम्हाला घेऊन गेले ती संध्याकाळ मला चांगली आठवते. ते खाकी गणवेशातच आले होते. फाटकात कुणी अडवलं नाही. मधोमध गोल हौद होता, त्यात कारंजं होतं पण पाणी उडत नव्हतं. एका खांबावर सिमेंटच्या पेटीत रेडिओचा कर्णा बसवला होता आणि त्यातून बाजारभाव सांगत होते. वडिलांनी आम्हाला बाकावर बसवलं, स्वतः मधे बसले. नंतर उठून आम्हाला पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी नेलं आणि पाणी प्यायला सांगितलं. तहान नाही असं मी म्हणाले, तरी त्यांनी तोटी सोडली आणि म्हणाले, “दोन घोट पी.” शेळगावात माझ्या आजीला विहिरीपाशी घागर ठेवून, वरून कुणी पाणी ओतेल म्हणून उभं राहावं लागत असे. हे मला पुढे कधीतरी कळलं. त्या दिवशी मी फक्त दोन घोट प्याले. पाणी कोमट होतं.

नंतरच्या वर्षांत बागा बदलत गेल्या. एका काळात सिमेंटचे प्राणी आले. हत्ती, जिराफ, आणि एक वाघ, ज्याचं तोंड रंगाऱ्याने इतकं हसरं केलं होतं की लहान मुलं त्याच्या जबड्यात खुशाल हात घालायची. मग रंगीत दिव्यांचं कारंजं आलं. ते कुणी मोठी व्यक्ती गावात आली की सुरू व्हायचं, त्यामुळे कारंजं दिसलं की लोक एकमेकांना विचारायचे, आज कोण आलंय. मग झुकझुक गाडी आली, मग म्हाताऱ्यांसाठी वेगळी बाग आली. अक्का साठीची झाली तेव्हा मी तिला म्हणाले, चल, आता तुझा हक्क आहे. ती आत जाऊन दहा मिनिटांत बाहेर आली आणि म्हणाली की तिथे सगळे जावयांविषयी बोलत आहेत, आपण त्यात काय भर घालणार. अलीकडे मोठमोठी अक्षरं आली आहेत, दिव्यांनी उजळणारी, त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायचे. माझी त्याला काही हरकत नाही. नवी लग्नं झालेली जोडपी आसपासच्या गावांतून मोटारसायकलवर येतात, फोटो काढतात, भेळ खातात आणि उजेड आहे तोवर परत जातात. त्यांच्याकडे बघायला मला आवडतं.

इंदापूरलाही आम्ही जायचो, एसटीने. गावीच राहिलेल्या भावाकडे, शेळगावला, जायचं असलं की वाट वाकडी करून तिथल्या बागेत तासभर बसायचं. ती बाग लहान, पण वडाची दोन झाडं अशी की अक्काच्या व्याख्येत पहिल्या नंबरात बसावीत. एकदा ती मला लोणी देवकरच्या कारखान्यांच्या वसाहतीत घेऊन गेली, कारण तिथल्या एका कंपनीने रस्त्याकडेला हिरवळ केली आहे असं तिने ऐकलं होतं. पहिली पाळी सुटली होती. निळ्या गणवेशातली माणसं गुलमोहराखाली डबे उघडून बसली होती आणि काही जण तोंडावर रुमाल टाकून गाढ झोपले होते. अक्का म्हणाली की बागेचा सगळ्यात चांगला उपयोग करणारी माणसं तिने पहिल्यांदाच पाहिली. आम्ही दोघी हळूच निघून आलो, चपला वाजू न देता.

आता कालव्याकाठची ती बाग, जिच्याविषयी हे सगळं आहे. ती फार जुनी नाही. तिथे आधी ऊस होता. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून जमीन चोपण झाली, वर पांढरं फुटलं आणि ऊस येईनासा झाला. मग बरीच वर्षं वेडी बाभूळ माजली आणि लोक तिथे कचरा टाकू लागले. पुढे ती जागा साफ करून बाग केली. उघडली त्या आठवड्यात आम्ही गेलो होतो. सगळे पताका आणि पाळणे बघत होते. अक्काने चपलेच्या टोकाने वाफ्यातली माती उकरली, थोडी बोटावर घेऊन चोळली आणि म्हणाली की इथे नाजूक काही लावतील आणि उन्हाळ्यात रडतील. मी तेव्हा बाक शोधत होते.

अक्काच्या शेवटच्या दिवसांविषयी मी लिहिणार नाही. एकच सांगते. दवाखान्यात एका दुपारी ती नीट शुद्धीत होती. मला म्हणाली, “मला पाण्यात सोडू नको. कुठल्यातरी बागेत झाड लाव. म्हणजे तुला बसायला जागा होईल.” कुठलं झाड, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. जन्मभर झाडं शिकवलेल्या बाईला मी तेवढं विचारलं नाही, कारण तेव्हा तिच्यापुढे त्या विषयावर बोलणंच मला जमत नव्हतं.

आमच्याकडे आता अनेक घरांत अशी रीत पडली आहे, राख नदीत न सोडता खड्ड्यात घालायची आणि वर झाड लावायचं. पण ज्यांचं रान असतं ते रानात लावतात. आमच्या भावाने थोडी राख शेळगावच्या बांधावर घातली. अक्काने बाग म्हटली होती, म्हणून उरलेली मी आणि भावाची मुलगी, म्हणजे माझी भाची, कालव्याकाठच्या बागेत घेऊन गेलो. परवानगी मागितली नाही. मागितली असती तर अर्ज द्यावा लागला असता आणि कदाचित नाही म्हणाले असते. सकाळी फाटक उघडता उघडता गेलो. कोपऱ्यात एक जाळीचा पिंजरा रिकामा होता, आतलं रोप केव्हाच गेलेलं. भाचीने खुरप्याने खड्डा केला, मी राख घातली, वर बकुळीचं रोप लावलं, दोघींनी हलक्या आवाजात त्रिशरण म्हटलं आणि बाटलीतलं पाणी घालून चालायला निघाल्यासारख्या निघून आलो. भाचीने एक फोटो काढला होता. बकुळ मी निवडली होती. पुस्तकांत ती फार ठिकाणी भेटते, सुकली तरी वास टिकतो म्हणतात. एवढीच माझी तयारी.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी तिथे जाऊ लागले. पिंजऱ्यासमोर एक बाक होतं. मी वाचायचे, आणि एखादं पान आवडलं तर हळू आवाजात तिला वाचून दाखवायचे. लाजही वाटायची, पण आजूबाजूला चालणारी माणसं कानांत तारा घालून आपल्याच नादात असतात. चैत्रात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, दोन्ही मोतीबिंदूंचं, एकामागून एक. भाची मला पुण्याला घेऊन गेली आणि पाऊस पडेपर्यंत तिने सोडलं नाही. सगळा उन्हाळा मला एकच काळजी होती. बकुळीला पाणी कोण घालणार? भाची म्हणायची, आत्या, माळी असतात. मी म्हणायची, असतात, पण.

आषाढात परत आले. त्याच दिवशी संध्याकाळी बागेत गेले. पिंजऱ्यात रोप उभं होतं. पानं हिरवीगार, चकचकीत, इतकी चकचकीत मी आधी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, डोळ्यांवरचा पडदा गेला म्हणून असं दिसतंय. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की रंग नव्याने दिसतील. मी भाचीला फोन करून सांगितलं, तगली. दोघींनाही आनंद झाला.

दिवाळीसाठी घर आवरताना अक्काच्या जाड वह्या हाती आल्या. शाळेत मुलींकडून ती पानं गोळा करून घ्यायची, वाळवून चिकटवायची. एका पानावर बकुळ होती. एकच पान, लांबट, कडा पाण्यावर तरंग उठावा तशा. मी ते बराच वेळ बघितलं. आणि मला आठवेना की कालव्याकाठच्या रोपाची पानं अशी आहेत का. रोज बघते, आणि आठवेना. संध्याकाळी वही पिशवीत घालून गेले. रोपाच्या एकेका काडीवर पाच-सात पानं होती, समोरासमोर, आणि टोकाला एक. मी वहीतलं पान बघितलं, रोप बघितलं. मग वही पुढे उलटत गेले. तसली काडी सापडली. खाली अक्काच्या अक्षरात लिहिलं होतं, करंज.

पहिल्यांदा मला वाटलं, रोपवाटिकेनेच चुकीचं रोप दिलं असेल. भाचीला फोन करून लावणीच्या दिवसाचा फोटो मागवला. नव्या डोळ्यांनी मोठा करून बघितला. ती बकुळच होती.

भाची म्हणाली, “म्हणजे आत्या, पावसाळाभर तू वाचून दाखवलंस ते कुणाला?”

तिला हसू आलं होतं, आणि लगेच ते तिने गिळलं, हे मला फोनवरही कळलं. ती सॉरी म्हणाली. मी म्हणाले, काही नाही गं.

पण मी चार दिवस बागेत गेले नाही. बकुळ मेली याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती होती. कुणी तरी तो खड्डा उकरला होता. उकरलेली माती कुठे गेली? ट्रॉलीत भरून कुठे भरावाला टाकली असली तर? अक्काने एकच गोष्ट मागितली होती. ती मी नीट केली आहे, या भरवशावर मी वर्षभर उभी होते. आता ती कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं. आणि शेवटी माझंच मला हसू यायचं, की रोज समोर बसून मला एक पान ओळखता आलं नाही. अक्का असती तर तिने फाटकातूनच सांगितलं असतं.

पाचव्या दिवशी गेले. बागेतला माळी वरकुट्याचा. वय माझ्याएवढंच, ऊस मुलांच्या हाती देऊन ठेकेदाराकडे कामाला लागलेला. मी त्याला तात्या म्हणते, तो मला बाई म्हणतो, याच्यापुढे आमची ओळख गेली नव्हती. तो पिंजऱ्याजवळच तण काढत होता. हे झाड कुणी लावलं, असं मी विचारलं.

“मीच की,” तो म्हणाला. “का?”

“इथे बकुळ होती.”

“व्हती. वैशाखात पार काडी झाली. नांगी पडलेली बरी दिसत न्हाय, म्हणून भरली.”

नांगी हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. उसाच्या सरीत जिथे डोळा उगवत नाही तिथे रिकामी जागा राहते, ती नांगी. शेतकरी कडेला जादा रोपं वाढवून ठेवतो आणि नांगी दिसली की तिथे एक आणून लावतो. माझी आई रोजंदारीवर हेच काम करायची, ओल्या सरीत वाकून. मेलेलं कुठलं आणि नवं कुठलं, हे कुणी विचारत नाही. दोन महिन्यांत सगळं रान सारखं दिसतं, आणि तसं दिसलं की काम नीट झालं असं समजायचं. तात्याने आयुष्यभर हेच केलं होतं. बागेतही त्याने तेच केलं, आणि न सांगताच केलं. कारण नांगी भरली हे सांगायची गोष्टच नसते.

मी बाकावर बसले आणि त्याला सांगितलं की त्या बकुळीखाली माझ्या बहिणीची राख होती.

त्याने खुरपं खाली ठेवलं. डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली. मग विचारलं, कुणाला विचारून लावलं होतं. मी म्हणाले, कुणालाच नाही.

“मग मला कसं कळावं, बाई?” तो म्हणाला. “मी आपलं समजत व्हतो, तुमी कसलं तरी पाठांतर करताय.”

त्यात रागही होता. बरोबरच होतं. मी मान हलवली. मग धीर करून विचारलं, खड्ड्यातली माती कुठे टाकली.

तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी काही तरी फार अडाणी विचारलं आहे.

“माती टाकतंय व्हय कुणी? हितं आधीच माती न्हाय. कुदळीला राख लागली व्हती, पांढरी. मला वाटलं, आधीच्या माळ्यानं पाला जाळून पुरलाय. राख म्हंजी झाडाला सोनं. ती वर-खाली केली, शेणखतात कालवली आन् मुळाभवती दाबून बसवली.” त्याने हात पुढे करून दाखवला. “चिमूटभर बी वाया घालवली न्हाय.”

मला त्या वेळी काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी हसले असेन, कारण तो गोंधळला. पुसायला रुमाल सापडेना म्हणून मी पदर घेतला. मी आणि भाचीने ती राख खड्ड्यात नुसती ओतली होती, वरून रोप ठेवलं होतं, घाईघाईने. नीट काम कुणी केलं असेल तर ते याने, कुणासाठी करतोय हे माहीत नसताना.

थोड्या वेळाने तो म्हणाला की सांगाल तर करंज काढतो, नवी बकुळ आणतो. पण ते बोलताना त्याची नजर रोपावर होती. मग तोच पुढे म्हणाला की काढलं तर हे जगणार नाही, मुळं आता राखेतून खाली गेली असणार. आणि बकुळ इथे पुन्हा लावली तर पुन्हा वाळेल, ही जमीन चोपण आहे, इथे करंज, शिसव, बाभूळ, असलंच येतं. आणि हे सगळं ठेकेदाराच्या कानावर गेलं तर त्याचं काय होईल, हे त्याने विचारलं नाही, पण दोनदा फाटकाकडे बघितलं.

बोटावर माती चोळणारी अक्का मला तेव्हा आठवली. इतके दिवस ती माझ्या डोक्यात कुठे होती कोण जाणे. मी तात्याला म्हणाले की झाड राहू दे, आणि याच्याविषयी मी कुणाला काही बोलणार नाही. भाचीला त्या रात्री कळवलं की अक्का आहे तिथेच आहे, झाड बदललंय. ती म्हणाली, मग पुस्तकं चालू ठेव.

ती चालू आहेत. करंज आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. तिच्या पानांवर बारीक किडे पांढऱ्या नागमोडी रेघा ओढून ठेवतात. आधी मला ती रोगट वाटली, मग अक्काच्या वहीत बघितलं तर तिथल्या वाळक्या पानांवरही तशाच रेघा होत्या. पान चुरगळलं की उग्र वास येतो. बकुळीशी त्याचं काही नातं नाही. कवितेत ही सहसा येत नाही. मला ती आवडू लागली आहे. आवडावी लागली असंही नाही, सवयीने आवडली.

या वर्षी पावसाच्या तोंडावर तात्या माझ्या बाकापाशी येऊन उभा राहिला. बागेत सात नांग्या पडल्या होत्या. रोपं येऊन पडली होती, पण त्याने एकही खड्डा घेतला नव्हता.

“बाई, कुठं कोण हाय ते तुमी जरा इचारा लोकांस्नी,” तो म्हणाला. “मला कोण सांगणार?”

मला वाटलं, माझ्यासारखं वेडेपण दुसऱ्या कुणी कशाला केलं असेल. तरी आठवडाभर मी रोज चालणाऱ्यांना एकेकट्याला गाठून विचारलं. कसं विचारायचं हाच प्रश्न होता. शेवटी मी आधी माझंच सांगायचे आणि मग थांबायचे. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, जे रोज मला नमस्कार करून पुढे जातात, ते थांबले आणि म्हणाले की पाण्याच्या टाकीमागचं उंबर त्यांच्या आईचं आहे. ते यंदा वाळलंय, आणि ते रोज तिकडे न बघता जातात. हास्यक्लबातल्या एका बाईंनी सांगितलं की घसरगुंडीजवळ त्यांचे मिस्टर आहेत. एका तरुणाने कानांतल्या तारा काढल्या आणि विचारलं, कुत्रा असला तर चालेल का. मी म्हणाले, चालेल.

तीन जागा मी तात्याला दाखवल्या. त्या त्याने मोकळ्या हातांनी, कुदळ न लावता केल्या. माती गोणपाटावर काढली, तीच परत घातली. कंडक्टर बाजूला उभे राहिले होते, घसरगुंडीजवळच्या बाईंनी स्वतः रोप धरलं. तरुण आला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या रोपाला कुणीतरी पाणी घालून गेलेलं होतं.

उरलेल्या चार नांग्यांपैकी तीन तात्याने त्याच दिवशी भरल्या. शेवटची फाटकाजवळची. तिथे मी दोनदा विचारून खात्री केली होती.

“हितं नक्की कोण न्हाय?”

“कुणी नाही, तात्या. भरा.”

त्याने कुदळ मारली. वीतभर खोल गेल्यावर तरीही थांबला, वाकला, मूठभर माती उचलून तळहातावर चोळली आणि माझ्यापुढे धरली. मी चष्मा पुसून बघितलं. नुसती माती होती, काळी, थोडी ओली. त्याने ती परत खड्ड्यात टाकली आणि रोप आणायला गेला.